भूगर्भाच्या शोधांतील उमेदवार

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या मध्यबिंदूपर्यंतचें अंतर सुमारें ६३७१ किलोमीटर आहे. मनुष्यानें आजवर पाडलेलें सर्वांत खोल छिद्र रशियाच्या वायव्य टोकास कोला द्वीपकल्पांत असून त्याची खोली १२ किलोमीटरांहून किंचित् अधिक भरते. तेवढ्यासाठीं १९७० पासून सुमारें वीस वर्षें खटाटोप चालला होता. आंब्याच्या फळाची उपमा घेतली तर आपली सुई सालींतच मोडली. बाठ्याची गोष्ट दूरच राहिली, पण गराचा ओलावाहि तिला लागला नाहीं. असें असतां आज शाळेंतील मुलगा बेधडक सांगतो कीं, २९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा गाभा लागतो, आणि त्या गाभ्याच्याहि पोटांत घट्ट लोखंडाचा एक गोळा आहे. जेथें कोणी गेलें नाहीं व कोणी जाणार नाहीं तेथील ही हकीकत त्याला कोणी सांगितली?

इतिहासग्रंथांत या प्रश्नाचें उत्तर तीन ओळींत मिळतें. १९०६ सालीं ओल्डहॅम यानें गाभा आहे असें दाखविलें. १९१३ सालीं गुटेनबर्ग यानें त्याची खोली मोजली. १९३६ सालीं इंगे लेमन या बाईंनीं त्या गाभ्याच्या आंतील गाभा हुडकून काढला. तिन्ही विधानें खरीं आहेत. परंतु तीं वाचून असा ग्रह होतो कीं, तीन प्रज्ञावान् माणसें आपापल्या खोलींत एकटीं बसलीं आणि प्रत्येकास एकेक सत्य गवसलें. वस्तुस्थिति फार निराळी आहे. भूगर्भाचा शोध ज्या साधनानें लागला तें साधन एकट्याच्या मालकीचें असूंच शकत नाहीं. एका ठिकाणचें भूकंपलेखक यंत्र फार तर कोठें तरी जमीन हलली एवढें सांगतें. तोच कंप शंभर ठिकाणीं कोणकोणत्या क्षणीं पोंचला याच्या नोंदी एकत्र आल्या म्हणजे मग तो कोणत्या वाटेनें आला, वाटेंत त्याला काय आडवें आलें, हें उमगूं लागतें. म्हणून या शास्त्राचा इतिहास हा मुख्यतः नोंदींच्या देवघेवीचा इतिहास आहे. आणि ही देवघेव ज्यांनीं सुरू केली व फळास आणली त्यांतील पुष्कळशी मंडळी पद, पगार आणि प्रतिष्ठा यांच्या उंबरठ्याबाहेर उभी होती. पूर्वी आपल्याकडे कचेरींत काम शिकत, पुढें कधीं तरी जागा मिळेल या आशेवर राबणाऱ्यास उमेदवार म्हणत. त्या अर्थानें हे भूगर्भाचे उमेदवारच होते.

यांत पहिला मान अर्न्स्ट फॉन रेबर-पाश्विट्झ या जर्मन तरुणाचा. त्याचें शिक्षण ज्योतिषाचें. चंद्राच्या आकर्षणानें ओळंबा किती सूक्ष्म कलतो हें मोजण्यासाठीं त्यानें एक अत्यंत नाजूक आडवा लंबक सिद्ध केला होता, आणि असे लंबक पॉट्सडॅम व विल्हेल्म्सहाफेन या दोन गांवीं मांडले होते. १८८९ च्या एप्रिल महिन्यांत एके दिवशीं दोन्ही ठिकाणच्या लेखांत एकाच सुमारास खळबळ उमटलेली त्याला आढळली. पुढें जपानांतील एका भूकंपाची वार्ता त्याच्या वाचनांत आली आणि दोहोंची सांगड त्याच्या मनांत बसली. टोकियोकडे हललेल्या जमिनीचा कंप सुमारें ९००० किलोमीटरांचें अंतर तोडून जर्मनींत येऊन पोंचला होता. ही गोष्ट त्यानें त्याच वर्षीं लंडनच्या 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केली, तेव्हां त्याचें वय २७ वर्षांचें होतें.

या गृहस्थाला क्षयानें गांठलें होतें. वेधशाळेंतील नोकरी सोडावी लागली. हवापालटासाठीं तो तेनेरीफ बेटावर गेला तेव्हांहि लंबक बरोबर होताच. अशा माणसानें आपला शोध जपून ठेवावा, उरलेल्या दिवसांत त्यावर स्वतःच्या नांवाचा शिक्का पक्का करावा, असें कोणास वाटलें असतें. त्यानें उलटें केलें. सर्व जगांत ठिकठिकाणीं सारखीं यंत्रें बसवावीं आणि त्यांच्या नोंदी एका मध्यवर्ती कचेरींत गोळा होऊन सर्वांस उपलब्ध व्हाव्या, अशी योजना त्यानें १८९५ सालीं मांडली. त्याच सालच्या १ ऑक्टोबर रोजीं वयाच्या ३४ व्या वर्षीं तो मरण पावला. ही योजना स्ट्रासबुर्ग येथील गेरलांड या प्राध्यापकानें उचलून धरली. १९०१ सालीं त्या नगरांत पहिली आंतरराष्ट्रीय भूकंपपरिषद् भरली आणि पुढें तेथेंच मध्यवर्ती कचेरी स्थापन झाली. इंग्लंडांत तेंच काम जॉन मिल्न यानें केलें. जपानांत वीस वर्षें घालवून परतलेल्या या खटपटी माणसानें वाइट बेटावरील आपल्या घरीं ठाण मांडलें, ब्रिटिश साम्राज्यांत व बाहेर आपलीं यंत्रें धाडलीं, आणि त्यांच्या नोंदी छापून सर्वांकडे पाठविण्याचा परिपाठ ठेवला.

मिल्नचें एक यंत्र मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत आलें. तेथें १८९६ पासून डॉ. नानाभाई मूस हे प्रमुख होते. त्या जागेवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. विजेच्या ट्रामगाड्यांमुळें चुंबकीय वेधांत व्यत्यय येईल हें ओळखून त्यांनीं तें काम अलीबागेस नेलें ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या देखरेखीखालीं भूकंपाच्या नोंदी समुद्रापलीकडे जात राहिल्या याचा उल्लेख मात्र क्वचित् होतो. कुलाब्याच्या दांडीवर बसून कागद बदलणाऱ्या कोणा सहायकाचें नांव इतिहासांत नाहीं; पण भूगर्भाच्या नकाशांत त्याच्याहि हातची रेघ आहे असें आम्हीं मानतों.

हिंदुस्थानचा या विषयाशीं याहून मोठा संबंध ओल्डहॅमच्या द्वारें येतो. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांचा मुलगा. बाप १८७८ सालीं वारला. मुलगा पुढच्याच वर्षीं, २१ व्या वर्षीं, त्याच खात्यांत दाखल झाला. बापानें १८६९ च्या काचार भूकंपाचा अभ्यास करून तो अर्धवट टाकला होता, आणि हिंदुस्थानांतील भूकंपांची एक यादीहि तशीच पडली होती. नोकरीच्या पहिल्या चार-पांच वर्षांत मुलानें हीं दोन्ही कामें पुरीं करून छापविलीं. बापाच्या उष्ट्या कागदांवर मुलाची ही उमेदवारी झाली, आणि ती पुढें फार उपयोगी पडली. कारण १२ जून १८९७ रोजीं आसामांत जो प्रलयंकारी भूकंप झाला, ज्यांत शिलाँगचीं दगडी घरें एकूण एक जमीनदोस्त झालीं, त्याची चौकशी याच ओल्डहॅमकडे आली. १८९९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा अहवाल भूकंपशास्त्रांतील एक मूलग्रंथ समजला जातो. पडझडीचें वर्णन त्यांत आहेच. पण त्याचा खरा विशेष असा कीं, युरोपांतील, मुख्यतः इटलींतील यंत्रांनीं या भूकंपाचे जे लेख टिपले होते ते मिळवून ओल्डहॅमनें त्यांचा मेळ घातला. तेव्हां दूरच्या लेखांत कंपाच्या तीन तुकड्या एकामागून एक येतात असें त्याला दिसलें. पहिली तुकडी दाबाच्या लाटांची. तींत द्रव्याचे कण लाटेच्या दिशेनेंच मागेंपुढें होतात. दुसरी आडव्या हेलकाव्याची. तिची चाल मंद. या दोन्ही पृथ्वीच्या पोटांतून येतात. तिसरी पृष्ठभागावरून रेंगाळत येते. हा भेद स्पष्ट झाला त्या दिवसापासून भूकंप ही केवळ आपत्ति न राहतां पृथ्वीच्या पोटांत धाडलेली दिवटी झाली.

१९०३ सालीं प्रकृतीच्या कारणानें ओल्डहॅम सेवानिवृत्त झाला. हाताखालीं ना खातें, ना यंत्र. १९०६ सालीं त्यानें जो निबंध लिहिला तो सर्वस्वीं दुसऱ्यांच्या नोंदींवर उभा आहे. पृथ्वीच्या पाठीवर भूकंपस्थानापासून फार दूर, सुमारें १२० अंशांच्या पलीकडे, दुसऱ्या तुकडीच्या लाटा अपेक्षेपेक्षां पुष्कळ उशीरा येतात असें त्याला आढळलें. त्यावरून मध्यभागीं निराळ्या द्रव्याचा गाभा असावा आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या दोनपंचमांश असावी, असें अनुमान त्यानें बांधलें. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. ज्यांना ओल्डहॅमनें गाभ्यांतून आलेल्या लाटा समजले त्या वास्तविक निराळ्याच वाटेनें आलेल्या होत्या, असें पुढें ठरलें. गाभा द्रवरूप असल्यामुळें आडव्या लाटा त्यांतून जातच नाहींत. त्याचा आंकडाहि बराच लहान होता. पुरावा चुकला, माप चुकलें, आणि निष्कर्ष मात्र खरा! शास्त्राच्या इतिहासांत असें घडतें, आणि त्यावरून ओल्डहॅमचा मान कमी करावा असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु गाभ्याचें खरें माप घेण्याचें काम दुसऱ्यांच्या नशिबीं होतें, आणि ते दुसरे गॉटिंगेन येथें जमले होते.

गॉटिंगेन या लहानशा विद्यापीठनगरांत १८९८ सालीं भूभौतिकीचें आसन स्थापन होऊन त्यावर एमिल वीखर्ट याची नेमणूक झाली. हा त्या दुर्दैवी रेबर-पाश्विट्झच्याच वर्षीं, १८६१ सालीं, जन्मलेला. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपांचपट, पण आपल्या पायांखालचे दगड तिपटीहूनहि कमी. तेव्हां आंत कोठें तरी लोखंडासारखें जड द्रव्य असलेंच पाहिजे, हें त्यानें या आसनावर येण्यापूर्वींच मांडलें होतें. गांवाजवळच्या हाइनबेर्ग टेकडीवर त्याची संस्था उभी राहिली आणि तेथें त्यानें बनविलेलीं भूकंपलेखक यंत्रें बसलीं. त्यांतील एकाचा लंबक १७ टन वजनाचा होता. एवढें अवजड धूड दूरच्या भूकंपाचा केसाहून सूक्ष्म कंप काजळी धरलेल्या कागदावर मोठा करून लिहीत असे. यंत्राविषयीं आणखी पुष्कळ लिहितां येईल, पण वीखर्टचें खरें कर्तृत्व तें नव्हे. त्यानें आपल्याभोंवतीं पंचविशींतलीं पोरें गोळा केलीं आणि त्यांच्या हातीं सर्व कागद सोपविले, हें त्याचें कर्तृत्व.

कार्ल त्सोप्रिट्झ हा त्यांतील एक. १८८१ चा जन्म, शिक्षण भूगर्भशास्त्राचें, १९०६ सालीं वीखर्टचा सहायक म्हणून आला. त्यापुढें जें काम होतें तें असें: भूकंपस्थानापासून अमुक अंतरावर पहिली लाट किती मिनिटांनीं व दुसरी किती मिनिटांनीं पोंचते याची एक विश्वसनीय वक्ररेषा काढावयाची. ही रेषा हातीं आली म्हणजे तीवरून कोणत्या खोलीवर लाटेचा वेग किती, हें गणितानें काढतां येतें. तें गणित त्याच सुमारास वीखर्टनें आणि त्सोप्रिट्झच्याच वयाच्या हेर्गलोट्झ या गणित्यानें बसविलें होतें. त्सोप्रिट्झनें तीन भूकंप निवडले. एक इटलींतील कालाब्रियाचा, एक सॅनफ्रॅन्सिस्कोचा, आणि तिसरा आपल्याकडील, ४ एप्रिल १९०५ चा कांगड्याचा, ज्यांत वीस हजार माणसें प्राणांस मुकलीं. देशोदेशींच्या नोंदी समोर मांडून, घड्याळांच्या चुका हुडकून, त्यानें १९०७ सालीं ती रेषा आंखली. कांगड्याच्या दरींत घरांखालीं चिरडून मेलेल्या माणसांचा आणि हाइनबेर्गवरील या तरुणाचा एकमेकांस कांहींच परिचय नव्हता. तरी पृथ्वीच्या अंतरंगाच्या पहिल्या विश्वसनीय मापांत तो भूकंप कायमचा नोंदला गेला आहे.

१९०८ च्या जुलैंत त्सोप्रिट्झ आजारानें वारला. वय २६ वर्षें. संस्थेंत त्याचीं जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं, आणि टेबलावर अपुऱ्या टिपणांचा ढीग होता. अशा वेळीं काय होतें हें आपण सर्वत्र पाहतों. टिपणें कपाटांत जातात. पुढें कोणी त्यांतील चांगलें तेवढें उचलून आपल्या नांवावर खपवितो. आणि तळटीपेंत मृताचे आभार मानले जातात. गॉटिंगेनमध्यें असें झालें नाहीं. लुडविग गायगर या सोबत्यानें तीं टिपणें हातीं घेतलीं आणि १९०९ सालीं निबंध निघाला तो 'त्सोप्रिट्झ व गायगर' या नांवानें. १९१२ सालीं पुढचा निबंध निघाला. त्यावर नांवें तीन: त्सोप्रिट्झ, गायगर, गुटेनबर्ग. मृताचें नांव पहिलें, आणि त्याला जाऊन चार वर्षें झालेलीं. महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं, मृत्यूनंतर ११ वर्षांनीं, त्याचा आणखी एक निबंध वीखर्टच्या संस्थेनें छापला. दोन थरांच्या सीमेवर लाट आदळली असतां तिचा किती अंश परततो व किती पलीकडे जातो हें सांगणारीं समीकरणें त्यांत आहेत. आज खनिज तेल शोधणारा प्रत्येक अभियंता तीं 'त्सोप्रिट्झचीं समीकरणें' याच नांवानें वापरतो. गायगरची कथाहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भूकंपाचें स्थान गणितानें निश्चित करण्याची त्यानें १९१० सालीं दिलेली रीत हातानें करावयास इतकी किचकट होती कीं ती जवळजवळ पन्नास वर्षें पडून राहिली आणि गणकयंत्रें आल्यावर एकदम जगभर रूढ झाली.

वर जें तिसरें नांव आलें तो बेनो गुटेनबर्ग डार्मस्टाट येथील साबणाच्या कारखानदाराचा मुलगा. त्सोप्रिट्झ वारला त्याच १९०८ सालीं तो गॉटिंगेनला आला. ज्याच्या नांवाखालीं आपलें नांव छापावयाचें त्या माणसाचे फक्त कागदच त्याच्या वांट्यास आले. त्या कागदांच्या, संस्थेतील लेखांच्या आणि बाहेरून येणाऱ्या नोंदींच्या आधारें त्यानें ओल्डहॅमचा प्रश्न पुन्हा हातीं घेतला. भूकंपस्थानापासून सुमारें १०० अंशांपर्यंत पहिली लाट ठळक येते. त्यापुढें ती क्षीण होते. आणि १४० अंशांच्या पलीकडे पुन्हा जोरानें, पण उशीरा उमटते. मधल्या पट्ट्यावर जणुं कसली तरी सांवली पडली आहे. भिंग प्रकाश वांकवितें तसा कांहीं तरी गोळा आंत लाटा वांकवीत असला पाहिजे. तो केवढा व किती खोल असावा म्हणजे सांवली नेमकी येथें पडेल? गुटेनबर्गचें उत्तर आलें २९०० किलोमीटर. ही गोष्ट १९१३ ची, त्याचें वय २४. शंभर वर्षांत हजारों यंत्रें आणि गणकांचे डोंगर उभे राहिले; आजचा स्वीकृत आंकडा आहे २८९१. हा फरक पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याएवढाहि नाहीं.

यानंतर काय घडलें तें सांगणें सुखाचें नाहीं. गुटेनबर्ग स्ट्रासबुर्गच्या मध्यवर्ती कचेरींत रुजू झाला आणि एक वर्षांत महायुद्ध पेटलें. रेबर-पाश्विट्झच्या कल्पनेंतून निघालेली देवघेव बंद पडली. ज्या राष्ट्रांचीं यंत्रें एकमेकांस वार्ता देत होतीं तींच राष्ट्रें एकमेकांवर तोफा डागूं लागलीं. गुटेनबर्ग पायदळांत जखमी झाला, मग विषारी वायूच्या पथकांत हवामानतज्ज्ञ म्हणून राबला. युद्धानंतर स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेलें आणि जर्मन माणसास तेथें थारा राहिला नाहीं. पृथ्वीच्या गाभ्याचें माप घेतलेला हा पुरुष बापाच्या साबणाच्या कारखान्यांत पोटाचा धंदा पाहूं लागला आणि रात्रीं घरीं बसून शास्त्र करूं लागला. फ्रांकफुर्टला त्यास अध्यापनाची जागा मिळाली, पण तिच्यावर संसार चालण्यासारखा नव्हता. १९२८ सालीं वीखर्ट वारला. ते आसन गुटेनबर्गला मिळावयास हवें होतें, मिळालें दुसऱ्यास. त्याचें ज्यू असणें त्यास भोंवलें असें अनेक इतिहासकार मानतात, आणि पुढच्या पांच वर्षांत जर्मनींत जें झालें तें पाहतां आम्हांसहि तेंच संभवनीय वाटतें. १९३० सालीं तो कॅलिफोर्नियास गेला. जर्मनीनें एक शास्त्र स्वतः वाढविलें आणि स्वतःच्या हातानें दुसऱ्याच्या अंगणांत लावून दिलें.

कारखान्याच्या त्या दिवसांतलीच एक भेट महत्त्वाची आहे. १९२७ सालीं डेन्मार्कहून एक बाई शिकावयास म्हणून डार्मस्टाटला आल्या व एक महिना राहिल्या. गुटेनबर्गनें त्यांना हातचें न राखतां शिकविलें. या बाई म्हणजे इंगे लेमन. वय ३९, गुटेनबर्गपेक्षां वर्षानें मोठ्याच. त्यांची कथा उमेदवारीच्या नेहमीच्या कल्पनेंत बसत नाहीं. १९१० सालीं केंब्रिजला गणित शिकावयास गेल्या, पण अतिश्रमानें प्रकृति ढांसळून अभ्यास अर्ध्यावर सोडून परतल्या. कित्येक वर्षें विमागणिताच्या कचेरींत आंकडेमोड केली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं पदवी मिळविली. १९२५ सालीं प्रोफेसर नोर्लुंड यांनीं त्यांना सहायक नेमलें आणि डेन्मार्क व ग्रीनलंड येथें भूकंपयंत्रें बसविण्याचें काम दिलें. सोबत तीन तरुण होते. त्यांतील एकानेंहि भूकंपलेखक यंत्र पूर्वीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. पुस्तकें वाचीत, यंत्रें जुळवीत ही मंडळी शिकली. १९२८ पासून कोपनहेगनच्या भूमापन संस्थेंत भूकंपविभाग लेमन बाईंकडे आला. विभाग म्हणजे काय, तर बहुतेक त्या एकट्याच. यंत्रें सांभाळणें, लेख वाचणें, पत्रकें छापून जगभर धाडणें ही त्यांची नोकरी. संशोधन हें त्यांच्या कामांत धरलेलेंच नव्हतें.

१९२९ च्या जूनमध्यें न्यूझीलंडांत मर्चिसन येथें मोठा भूकंप झाला. न्यूझीलंड युरोपच्या जवळजवळ पायांखालीं, पृथ्वीच्या पलीकडल्या अंगास. म्हणून तेथून निघालेल्या लाटा गाभ्यांतून जाऊन युरोपच्या यंत्रांवर उमटतात. लेमन बाईंनीं ठिकठिकाणचे लेख मागवून स्वतः पाहिले. छापील आंकड्यांवर त्यांचा भरंवसा नव्हता. लेखांत सुई कोठें किती थरथरली हें आपल्या डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज त्या लिहीत नसत. उन्हाळ्यांत त्या बागेंत बसत आणि भोंवतीं ओटाच्या पिठाचीं पुठ्ठ्याचीं खोकीं असत, त्यांत भूकंपांच्या नोंदींचीं पत्तीं लावलेलीं, असें त्यांच्या एका नातेवाइकानें लिहून ठेवलें आहे. मर्चिसनचे जे लेख आले त्यांत सायबेरियांतील इर्कुट्स्क आणि उरलजवळील स्वेर्द्लोव्स्क येथील लेखहि होते. गुटेनबर्गच्या सांवलीच्या पट्ट्यांत, जेथें कांहींच येऊं नये तेथें, एक बारीक पण स्पष्ट लाट उमटलेली त्यांत दिसत होती.

अशा चुकार लाटा पूर्वीं इतरांनींहि पाहिल्या होत्या. पण गाभ्याच्या कडेवरून वळून आलेला तो उजेड असावा असें म्हणून सर्व जण पुढें जात. लेमन बाईंना तें पटेना, कारण वळून आलेली लाट एवढी जोमदार असणार नाहीं. त्यांनीं अगदीं साधें गणित मांडलें. बाहेरच्या आवरणांत वेग सेकंदास १० किलोमीटर, गाभ्यांत ८, आणि गाभ्याच्या मध्यभागीं एक लहानसा गोळा, ज्यांत वेग पुन्हा वाढतो. अशा गोळ्यावर आदळून परतलेल्या लाटा नेमक्या त्या सांवलींत येऊन पडतात असें निघालें. १९३६ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचें नांव केवळ एक अक्षर आणि त्याच्या डोक्यावर एक खूण, 'पी' व दंड. याहून आंखूड शीर्षकाचा मोठा शोध आमच्या पाहण्यांत नाहीं. दोन वर्षांत कॅलिफोर्नियाहून गुटेनबर्ग व रिश्टर यांनीं मान्यता दिली. गाभा द्रवरूप आहे हें १९२६ सालीं सिद्ध करणारा केंब्रिजचा जेफ्रिज मात्र थोडा थांबला; कडेवरून वळणाऱ्या लाटेचें गणित स्वतः करून, तीनें हा प्रकार घडत नाहीं अशी खात्री पटल्यावरच १९३९ सालीं त्यानें मान डोलविली. आम्हांस हा उशीर दूषण वाटत नाहीं. लेमन बाई व जेफ्रिज यांच्यामध्यें त्यापूर्वींपासून पत्रव्यवहार चालत असे, आणि मतभेद त्या पत्रांतूनच लढला गेला.

त्याच काळांत जेफ्रिजच्या हाताखालीं न्यूझीलंडहून आलेला कीथ बुलन हा विशीं-पंचविशींतला विद्यार्थी लाटांच्या वेळापत्रकाचें प्रचंड कोष्टक हातानें तयार करीत होता. गुरु-शिष्यांच्या नांवाचें तें कोष्टक १९४० सालीं पूर्ण स्वरूपांत निघालें, आणि पुढें पन्नास वर्षें सर्व जगाचे भूकंप त्यावर मोजले गेले. आंतील गोळा घन असावा हें बुलननें पुढें सांगितलें. परंतु त्याचा सबळ पुरावा १९७१ सालीं मिळाला, तो पोलंडहून अमेरिकेंत आलेला ३५ वर्षांचा जेवॉन्स्की आणि त्याचा सहकारी गिल्बर्ट यांच्याकडून. मोठ्या भूकंपानंतर सबंध पृथ्वी घंटेसारखी घुमते. त्या घुमण्याच्या स्वरांवरून त्यांनीं हा निर्णय केला.

येथें युद्धाचा एक उलटा न्याय दिसतो. पहिल्या महायुद्धानें देवघेव मोडली होती. दुसऱ्यानंतरच्या शीतयुद्धानें ती पूर्वीं कधीं नव्हती एवढी वाढविली. चोरून केलेले अणुस्फोट ओळखावे म्हणून अमेरिकेनें १९६० नंतरच्या वर्षांत जगभर शंभराहून अधिक ठिकाणीं एकाच बनावटीचीं यंत्रें बसविलीं. हिंदुस्थानांत तीं दिल्ली, शिलाँग, कोडाइकनाल आणि आमच्या पुण्यास आलीं. हेतु राजकीय, पण लेखांच्या सूक्ष्मछायाप्रती कोणाहि अभ्यासकास अल्प किंमतींत मिळूं लागल्या. ज्याच्या विद्यापीठांत एकहि यंत्र नाहीं असा विद्यार्थीहि आतां साऱ्या पृथ्वीचे कंप टेबलावर पसरून बसूं शकत होता.

१९९६ सालीं शियाओडाँग साँग या तरुण चिनी शास्त्रज्ञानें रिचर्ड्स या आपल्या वडील सहकाऱ्यासह असेच जुने लेख काढले. दक्षिण अटलांटिक महासागरांतील सँडविच बेटांचे भूकंप अलास्कांतील एका ठाण्यावर तीस वर्षें टिपले जात होते. ते ताडून पाहतां आंतील गोळा उरलेल्या पृथ्वीहून किंचित् जलद फिरतो असा निष्कर्ष त्यांनीं काढला. त्यावर पुष्कळ वाद झाला, वेगाचा आंकडा उतरत गेला, आणि २०२३ सालीं साँग यानेंच एका सहकाऱ्यासह लिहिलें कीं २००९ च्या सुमारास तें पुढें सरणें थांबलें आहे.

आंतील गोळ्याच्याहि आंत कांहीं आहे काय, हा प्रश्न २००२ सालीं पुढें आला. हार्वर्डची मियाकी इशी ही विद्यार्थिनी आणि तिचे गुरु जेवॉन्स्की, जे १९७१ सालीं स्वतः उमेदवारीच्या वयांत होते, या दोघांनीं लक्षावधि नोंदी चाळून मध्यभागीं सुमारें ३०० किलोमीटर त्रिज्येचा एक निराळा गोळा असल्याचें सुचविलें. त्यांत लाटांचा वेग दिशेप्रमाणें वेगळ्या रीतीनें बदलतो. २०२३ सालीं ऑस्ट्रेलियांतील फाम व त्काल्चिच यांनीं पृथ्वीच्या आरपार पांच-पांच वेळां येरझार घातलेल्या लाटा ओळखून तोच गोळा पुन्हा दाखविला, परंतु त्याची त्रिज्या सांगितली ६५० किलोमीटर. हे दोन आंकडे अद्याप जुळलेले नाहींत.